बाथर्स्टचा ग्रुप सी आणि ग्रुप ए : ‘शोरूममधली गाडी’ नक्की कोणती?

बाथर्स्टच्या जुन्या शर्यतीचा व्हिडिओ कुठेही दिसला की त्याखाली एक वाक्य हटकून सापडतं : “तेव्हा शोरूममधली गाडीच रेसला पळायची, आताच्या गाड्यांत मूळ गाडीचं उरलंय काय?” व्हिडिओ १९७१चा असो, १९८२चा असो नाहीतर १९९१चा, वाक्य तेच. तीन वेगळ्या नियमावल्यांचा (आधी शोरूमच्या गाड्यांची, मग ग्रुप सी, मग ग्रुप ए) काळ एका पोत्यात कोंबायचा आणि वर ‘सुवर्णकाळ’ अशी चिठ्ठी डकवायची, असा हा प्रकार. यातल्या पहिल्या काळाला ते वाक्य चपखल बसतं. मधल्याला जवळजवळ बसतच नाही. तिसऱ्याला बसतं, पण उलट्या बाजूने. सगळी गंमत त्या उलट्या बाजूत आहे.

नव्याने आलेल्यांसाठी जागेची ओळख. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये बाथर्स्ट गाव, त्याच्या अंगाला माउंट पॅनोरमा. एरवी हा साधा सरकारी रस्ता आहे, कडेला लोक राहतात, वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. तळ आणि माथा यांच्या उंचीत १७४ मीटरचा फरक. वर चढायचं, स्कायलाइन नावाच्या माथ्यावरून डिपरच्या वळणांतून खाली घरंगळायचं आणि कॉनरॉड स्ट्रेटवर गाडी मोकळी सोडायची. १९६३ पासून इथे ५०० मैलांची शर्यत व्हायची, १९७३ पासून ती १००० किलोमीटरची झाली. इथे अंतर ठरलेलं असतं. घड्याळ बघून थांबायचं हा बेल्जियमच्या स्पा इथल्या २४ तासांच्या शर्यतीचा रिवाज.

ग्रुप ए बहुतेकांना पाठ आहे, तेव्हा त्यावर रेंगाळत नाही. आंतरराष्ट्रीय नियमावली, १९८२ पासून युरोपात, १९८५ ते १९९२ बाथर्स्टला. मूळ मॉडेलच्या १२ महिन्यांत ५००० गाड्या बनवायच्या, मग सुधारित ‘इव्होल्यूशन’ आवृत्तीच्या ५०० बनवायच्या, तरच ती रेसला चालणार. फोर्ड सिएरा आरएस५००, बीएमडब्ल्यू एम३, निसान स्कायलाइन जीटी-आर. व्हिडिओ गेममुळे शाळकरी पोरांनाही ही नावं तोंडपाठ असतात.

एक किरकोळ गोंधळ इथेच निकालात काढतो. फ्रान्सच्या ल मान्स शर्यतीत पोर्शे ९५६ पळायची तो ग्रुप सी वेगळा. तो १९८२ला सुरू झाला, त्यातली गाडी रेससाठीच पायापासून बांधलेली असायची आणि पेट्रोल मोजून मिळायचं. ऑस्ट्रेलियाचा ग्रुप सी टूरिंग गाड्यांचा (म्हणजे रस्त्यावरच्या मॉडेलवरून केलेल्या रेसच्या गाड्यांचा), तिथल्या ‘कॅम्स’ या मोटरस्पोर्ट संघटनेने स्वतःपुरता काढलेला, १९७३ ते १९८४. दोन्हींचं अक्षर एक, बाकी काडीचा संबंध नाही. (१९७३च्या आधीही ऑस्ट्रेलियात ग्रुप सी नावाचा तिसराच एक वर्ग होता. त्यात मी आता शिरत नाही, तुम्हीही शिरू नका.)

आता मुद्द्याचं. ड्रायव्हर पीटर ब्रॉकची ०५ क्रमांकाची १९८४ची कमोडोर आणि अ‍ॅलन ग्राइस जिच्यावर १९८६ला जिंकला ती कमोडोर, दोन्ही व्हीके मॉडेलच्या, दोन्ही होल्डन कंपनीच्या, दोन्हींत व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, डोंगरही तोच. फोटो शेजारी ठेवले की लोक म्हणतात, “एकच गाडी, रंग बदलला.” या दोन गाड्यांमध्ये नियमावलीची अख्खी भिंत उभी आहे.

ती समजायला १९७२ला जावं लागतं. तोवर बाथर्स्टला खरोखर शोरूमची गाडी पळायची. कारखान्याने जे रस्त्यावर विकलं तेच, फार फेरफार न करता. म्हणून फोर्डने फाल्कन जीटीएचओ फेज थ्री काढली. ५.८ लिटरचं इंजिन, जेमतेम ३००च्या आसपास गाड्या, आणि कोणीही गिऱ्हाईक पैसे मोजून ती घरी नेऊ शकत होतं. १९७१ला अ‍ॅलन मॉफॅटने तिच्यावर शर्यत मारली. मग १९७२च्या मध्यावर सिडनीच्या वर्तमानपत्रात बातमी झळकली की ताशी १६० मैल पळणाऱ्या गाड्या आता सर्वसामान्य रस्त्यावर येणार. राजकारण्यांनी आरडाओरड केली, कंपन्यांनी माना टाकल्या. फोर्डची फेज फोर चार गाड्यांवरच थांबली आणि होल्डनने व्ही८ टोरानाचा बेत गुंडाळला.

कॅम्ससमोर पेच असा की रस्त्यावर तेज गाड्या विकू दिल्या जात नाहीत, मग रेसला पळवायचं काय? उत्तर निघालं ग्रुप सी. रस्त्यावरची गाडी साधीच राहू दे, रेसची गाडी रेसपुरती तेज करायला आम्ही परवानगी देतो. म्हणजे शोरूम आणि ट्रॅक यांची फारकत करण्यासाठीच हा वर्ग जन्माला आला. आणि नेमक्या त्याच वर्गाच्या व्हिडिओखाली ‘शोरूममधली गाडी’ म्हणून उसासे टाकले जातात!

परवानगी मिळायची कशी? आपल्याकडे वाढीव बांधकाम नियमित करून घेतात ना, बरंचसं तसंच. इथल्या इथे अर्ज, इथल्या इथे वाटाघाट, शेजाऱ्याला जास्त मिळालं की आपण तक्रार करायची. मडगार्डवर रुंद पट्ट्या, त्याखाली रुंद टायर, मोठे स्पॉयलर, इंजिनाच्या आत बरीच मोकळीक. मॉफॅटने माझ्दा आरएक्स-७ टूरिंग कार म्हणून मंजूर करून घेतली. तिला टूरिंग कार म्हणायचं का, आणि रोटरी इंजिनाला किती सूट द्यायची, यावर वर्षानुवर्षं कडाक्याची भांडणं झाली. १९८३ची ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चॅम्पियनशिप त्याने त्याच गाडीवर जिंकली.

इथे कोणीतरी टोराना ए९एक्सचं नाव काढणार, आणि काढायलाच हवं. ग्रुप सीमध्येही काही भाग रस्त्यावरच्या गाडीत विकूनच मंजूर व्हायचे, विशेषतः ब्रेक आणि मागचा आस. १९७७ची ए९एक्स त्यासाठीच आली. तिच्यामुळे टोरानाला मागे डिस्क ब्रेक मिळाले. पण त्या गाडीचं बोनेट उघडून बघा. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला साधं पाच लिटरचं व्ही८ मिळायचं. रेसचं इंजिन आधीच्या एल३४ मॉडेलवर मंजूर होऊन बसलेलं होतं, ते पुन्हा विकण्याची गरजच नव्हती. म्हणजे १९७९ला ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स सहा लॅपच्या आघाडीने जिंकले, शेवटच्या लॅपला ब्रॉकने विक्रमही मोडला, आणि ज्याने ‘तीच गाडी’ हौसेने विकत घेतली होती त्याच्या बोनेटखाली ते इंजिन नव्हतंच.

ग्रुप सीचं टोक म्हणजे १९८४. ब्रॉक आणि लॅरी पर्किन्सची व्हीके, फुगवलेली मडगार्डं, मागे भलामोठा पंख, झगझगीत नारंगी-लाल रंग. असली गाडी कुठल्याही शोरूममध्ये कधी उभी राहिली नाही. जुळी गाडी त्याच संघाच्या हार्वी आणि पार्सन्सकडे होती, दोन्ही मिळून पहिली-दुसरी आल्या. त्याच वर्षी जॉर्ज फ्युरीने निसान ब्लूबर्ड टर्बो २ मिनिटं १३.८५ सेकंदांत फिरवून सुरुवातीच्या रांगेतली पहिली जागा पटकावली. पुढच्या वर्षी ग्रुप ए आला आणि टॉम वॉकिन्शॉच्या जॅग्वारने २ मिनिटं १८.८ सेकंदांत रांगेतली तीच जागा घेतली. नवी नियमावली लॅपमागे पाच सेकंदांनी हळू! तेव्हाचे प्रेक्षक का कुरकुरले, ते यावरून कळावं.

ग्रुप एमध्ये बोलणी करायला स्थानिक ऑफिसच उरलं नाही. कागद आंतरराष्ट्रीय, आणि त्यावर शिक्का तेव्हाच, जेव्हा ते अंग असलेल्या ५०० गाड्या विक्रीसाठी तयार असतील. रेसला स्पॉयलर हवा? मग तो ५०० गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर बसवा. म्हणून व्हीके एसएस ग्रुप ए निघाली. निळी, पुढच्या बंपरला टपालपेटीच्या फटीसारखं तोंड. तिच्या इंजिनाचा आकडा मला या सगळ्या विषयातला सर्वांत आवडता आहे. होल्डनचं व्ही८ मूळचं ५०४४ सीसी. ग्रुप एमध्ये ५००० सीसीच्या वर गेलात की किमान वजन १४०० किलो, खाली राहिलात की १३२५ किलो. मग दट्ट्याची (पिस्टनची) धाव कमी करून इंजिन ४९८७ सीसीवर आणलं. ५७ सीसी सोडले आणि ७५ किलो वाचवले. आणि हे खटाटोप रस्त्यावरच्या गाडीत करावे लागले! किराणा आणायला निघालेल्या माणसाच्या इंजिनात रेसच्या वजनकाट्यासाठी कपात. शोरूमची गाडी ट्रॅकवर न्यायची हा जुना मार्ग. इथे ट्रॅकवरची गरज शोरूममध्ये ढकलली.

याचा कळस १९८८च्या होल्डन व्हीएल वॉकिन्शॉ या गाडीने गाठला. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून तिला नखशिखांत प्लास्टिकचा साज चढवला. लोकांनी तिला ‘प्लास्टिकचं डुक्कर’ म्हटलं. ७५० गाड्या बनवल्या आणि त्या खपवताना विक्रेत्यांच्या नाकी नऊ आले. १९९०ला विन पर्सी आणि ग्राइस त्याच मॉडेलवर बाथर्स्ट जिंकले, तेव्हा कुठे थट्टा थांबली. निसान स्कायलाइनचंही तेच. टर्बो इंजिनाला १.७ने गुणून वर्ग ठरायचा, २५६८ सीसी गुणिले १.७ म्हणजे सुमारे ४३६६. वर्गाची हद्द ४५००. रस्त्यावरच्या जीटी-आरचं इंजिन त्या आकाराचं का, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

दोन्ही व्यवस्थांमधला फरक सर्वांत उघडा पडला तो १९८७ला, जागतिक टूरिंग कार चॅम्पियनशिपच्या वर्षी. पहिलीच शर्यत मोंझाला. बीएमडब्ल्यू एम३ पहिल्या सहा क्रमांकांवर आल्या आणि अंगाचा पत्रा नियमापेक्षा पातळ निघाला म्हणून सगळ्या बाद. सातव्या आलेल्या मॉफॅट आणि हार्वीच्या कमोडोरला विजय मिळाला. ऑक्टोबरात बाथर्स्टला एगेनबर्गर संघाच्या दोन सिएरा पहिल्या-दुसऱ्या आल्या. तपासणीत पुढच्या मडगार्डची कमान मोठे टायर मावतील अशी वाढवलेली सापडली. दोन्ही बाद, आणि तिसऱ्या आलेल्या ब्रॉक, पार्सन्स आणि मॅक्लाउडला विजेते ठरवलं. ब्रॉकचा तो नववा आणि शेवटचा विजय. तीनच वर्षांपूर्वी त्याच डोंगरावर तोच ब्रॉक हातभर फुगवलेल्या मडगार्डांची गाडी राजरोस पळवून जिंकला होता. फुगवटा तेव्हा मंजूर होता, आता गुन्हा होता. हे एकदा डोक्यात बसलं की दोन्ही व्हीके ‘एकच गाडी’ वाटणं अशक्य आहे.

मला विचाराल तर बघायला ग्रुप सी, वाचायला ग्रुप ए. ग्रुप सीच्या गाड्यांचा आवाज, आकार, टायरांवरची झोंबाझोंबी, सगळं जास्त रांगडं. शिवाय १९७९ला चॅनेल सेव्हनने पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकात कॅमेरा बसवला आणि तो पठ्ठ्या गिअर बदलता बदलता समालोचकांशी गप्पा हाणत होता. आजच्या सराईत मुलाखतींपेक्षा ती दहा मिनिटं सरस आहेत. १९८०ला डिक जॉन्सनची आघाडीवरची फाल्कन रस्त्यावर आलेल्या दगडावर आदळली, टीव्हीवर तो रडवेला झाला, लोकांनी पैसे पाठवले, फोर्डने तितकीच भर घातली आणि पुढच्या वर्षी तो जिंकला. यातलं काहीही खोटं नाही. फक्त त्याला शोरूमचं प्रमाणपत्र देऊ नका.

आणि “स्कायलाइन फार जिंकायची म्हणून बंदी घातली” हेही पुरे झालं. तिच्यावर वजन लादलं, टर्बोचा दाब बांधला, हे खरं. तरी ती १९९२ला पुन्हा जिंकली. पण तोवर ग्रुप ए जगभर मावळतीला लागला होता. त्या एका गाडीसाठी अख्खी नियमावली कोणी बुडवली नाही.

फोटो ओळखायचा तर आधी कॉनरॉड स्ट्रेट बघा. टोकाला ‘चेस’ची वळणं दिसली तर १९८७ किंवा नंतरचा, म्हणजे ग्रुप सी शक्यच नाही. चेसमुळे लॅप लांबला आणि शर्यत १६३ लॅपवरून १६१ वर आली, जुन्या गुणफलकावरूनही साल पकडता येतं. चेस नसेल तर मडगार्डाकडे बघा. फसवणारं वर्ष एकच, १९८४. त्या वर्षी ग्रुप एचा वेगळा वर्ग ग्रुप सीबरोबर एकाच रांगेत उभा होता. वॉकिन्शॉची जॅग्वार सुरुवातीलाच जागेवर अडकली, मागून कॅमॅरो येऊन धडकली आणि शर्यत पुन्हा सुरू करावी लागली. त्या धडकेच्या फोटोत जॅग्वार ग्रुप ए आहे आणि कॅमॅरो ग्रुप सी.