ठिबक-तुषार अनुदान: सोलापूरच्या लहान शेतकऱ्यानं अर्ज कसा करायचा, कागदपत्रं कोणती आणि माती-पाण्याची तपासणी कधी

ठिबक किंवा तुषार संचावर अनुदान घ्यायचं असेल तर अर्ज लवकरात लवकर टाका, पण डीलरकडून कोटेशन घेण्याआधी शेतातली माती आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तपासून घ्या. आपल्याकडे बहुतेक वेळा हे उलट होतं. आधी डीलर ठरतो, मग संच, आणि माती तपासायची राहूनच जाते.

लवकर अर्ज करायचं कारण सरळ आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांचे अर्ज घेणाऱ्या ऑनलाइन पोर्टलवर, पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून निवड ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ या पद्धतीनं होते, म्हणजे अर्जाची तारीख जितकी आधीची तितका नंबर वर. अर्ज टाकल्यापासून निवड होईपर्यंत मध्ये वेळ जातो. तपासणी उरकायची ती याच काळात.

अनुदान किती आणि कोणाला

केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, तर इतर शेतकऱ्यांना ४५ टक्के अनुदान मिळतं. त्यावर राज्य सरकार मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर घालतं. एकूण ८० टक्के आणि ७५ टक्के. १ हेक्टरपर्यंत जमीन असलेला अत्यल्प भूधारक आणि १ ते २ हेक्टरवाला अल्प भूधारक. मोजताना फक्त एक गट बघत नाहीत, तुमच्या नावावरची सगळी जमीन धरतात. लाभाची कमाल मर्यादा ५ हेक्टर आहे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गैरसमज याच ठिकाणी होतो. टक्केवारी डीलरच्या बिलावर लागत नाही. सरकारनं लॅटरलच्या, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळ्यांच्या, अंतरानुसार हेक्टरी खर्चाचा मापदंड ठरवलेला आहे आणि अनुदान त्यावर निघतं. बिल मापदंडापेक्षा जास्त झालं तर वरचा सगळा खर्च तुमचा. म्हणून ‘८० टक्के सरकार भरतंय’ या भरवशावर महागडा संच घेऊ नका.

पात्रतेच्या अटी फार नाहीत. जमीन स्वतःच्या नावावर हवी, पाण्याची सोय हवी, पंप चालवायला वीजजोडणी किंवा सौरपंप हवा, आणि त्याच क्षेत्रावर मागच्या ७ वर्षांत या संचाचं अनुदान घेतलेलं नसावं. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. त्यांनी जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा आणि अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

आधी शेतकरी ओळख क्रमांक

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजेच फार्मर आयडी, सक्तीचा आहे. तो ११ अंकी असतो. सीएससी केंद्रावर (गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रावर) आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल आणि सातबारा किंवा आठ-अ घेऊन गेलात की नोंदणी होते. तुमची जमीन जितक्या गावांत आहे तितके सगळे गट त्यात जोडले गेलेत ना, हे तिथंच स्क्रीनवर बघा. एखादा गट राहिला तर पुढं त्या गटावर अर्ज करता येत नाही.

आधारवरचं नाव आणि सातबारावरचं नाव जुळत नसेल, किंवा वडील वारल्यावर वारस नोंद राहिली असेल, तर आधी तलाठ्याकडं जाऊन ते काम मार्गी लावा. फेरफाराला वेळ लागतो.

अर्ज भरताना

महाडीबीटीच्या शेतकरी योजनांमध्ये ओळख क्रमांक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून आत जायचं. ‘सिंचन साधने व सुविधा’ या विभागात ठिबक किंवा तुषार निवडायचं, गाव, गट नंबर आणि क्षेत्र भरायचं. शेवटी २३ रुपये ६० पैसे शुल्क ऑनलाइन भरलं की अर्ज दाखल झाला. पावती जपून ठेवा. शुल्क भरलं नाही तर भरलेला अर्ज तसाच पडून राहतो आणि त्याला नंबरच लागत नाही.

निवड झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो. त्यात दिलेल्या मुदतीत कागदपत्रं अपलोड करावी लागतात, म्हणून मोबाईल नंबर बदलू नका आणि अधूनमधून पोर्टलवर अर्जाची स्थिती बघत राहा. हाताशी ठेवायची कागदपत्रं अशी: विहीर किंवा बोअरची नोंद असलेला सातबारा, आठ-अ, वीजबिल, अधिकृत विक्रेत्याचं कोटेशन, लागू असल्यास जातीचा दाखला, आणि जमीन सामायिक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र. ओळख क्रमांकामुळे जमिनीची माहिती आता पोर्टलवर आपोआप येते, तरी उतारे जवळ असलेले बरे. संमतीपत्रासाठी मात्र भावकीला आधीच विचारून ठेवा, मुदत सुरू झाल्यावर पळापळ करू नका.

थांबायच्या काळात: माती आणि पाणी

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. जमीन सगळीकडं सारखी नाही. भीमेच्या काठाला खोल काळी, माळावर हलकी मुरमाड, आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. एकाच गावात दोन शेजाऱ्यांच्या जमिनीत एवढा फरक असतो की एकाचा संच दुसऱ्याला जमत नाही.

मातीचा नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा घ्यायचा, आतली माती बाहेर टाकायची आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून १५-२० सेंटीमीटरपर्यंतची पापडी खुरप्यानं खरवडून घमेल्यात घ्यायची. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या किंवा जनावरं बांधायच्या जागी नमुना घेऊ नका. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं खुरपं नको, लाकडी किंवा प्लास्टिकचं साधन वापरा. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. ही माती सावलीत वाळवून पिशवीत भरा आणि चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक आणि पुढं घ्यायचं पीक लिहा. डाळिंबासारख्या फळबागेसाठी खालच्या थरांचे नमुने वेगवेगळे घ्यावे लागतात.

पाण्यासाठी पंप थोडा वेळ चालू द्या, त्याच पाण्यानं प्लास्टिकची स्वच्छ बाटली दोन-तीनदा विसळा, लिटरभर पाणी भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. सोलापुरात कृषी विभागाची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, शिवाय कृषी विज्ञान केंद्रांकडेही विचारता येतं. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. चुनखडीचं प्रमाण त्यात नसतं, ते वेगळं सांगून तपासून घ्या. सोलापुरात याचा आग्रह धराच. चुनखडी जास्त असली की जमिनीतलं लोह असूनही पिकाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग माणूस युरिया वाढवत जातो आणि पिवळेपणा काही हटत नाही.

अहवाल बघून संच ठरवा

भारी काळ्या जमिनीत पाणी आडवं पसरतं आणि सावकाश मुरतं. तिथं कमी प्रवाहाचे ड्रिपर (नळीवरची थेंब सोडणारी तोटी) थोड्या लांब अंतरावर चालतात. मुरमाड जमिनीत पाणी सरळ खाली उतरतं, म्हणून ड्रिपर जवळजवळ हवेत, नाहीतर दोन ड्रिपरमधली झाडं तहानलेली राहतात. कोटेशन करताना डीलरला हे विचारा आणि आराखड्यावर अंतर लिहून घ्या.

पाण्याच्या अहवालात कार्बोनेट-बायकार्बोनेट जास्त असतील तर ड्रिपरच्या तोंडावर चुना बसतो. अशा पाण्यात कॅल्शियमयुक्त खत आणि स्फुरदयुक्त खत एकाच टाकीत कधीही मिसळू नका, साका तयार होऊन नळ्या बंद पडतात. बसलेला चुना विरघळवायला वेळोवेळी आम्लप्रक्रिया करावी लागते. ती करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि हातमोजे व चष्मा घालूनच. फिल्टरचंही तसंच: शेततळ्याचं किंवा कॅनॉलचं शेवाळी पाणी असेल तर सँड फिल्टर घ्या, वाळू येणाऱ्या बोअरला हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा फिल्टर. नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागवलं की दुसऱ्याच हंगामात पश्चात्ताप होतो.

आणि ठिबकच हवं का, हेही विचारात घ्या. तुमची एक-दोन एकर जमीन असेल आणि त्यावर घरच्या भाकरीची ज्वारी आणि हरभरा होत असेल, तर माझ्या मते तुषार संच बरा. त्यालाही अनुदान आहे आणि तो एका रानातून दुसऱ्या रानात हलवता येतो. मोहोळच्या केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ आजही आपल्याकडे कोरडवाहू रब्बीत पेरतात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही ज्वारी पोटरीत असताना, म्हणजे पेरणीनंतर ५०-५५ दिवसांनी, आणि फुलोऱ्यात, ७०-७५ दिवसांनी, ओल कमी पडली की कणीस भरत नाही. त्या दोन वेळांना एखादं हलकं पाणी देता आलं तर वर्षभराचं घरचं धान्य निघतं. डाळिंब, ऊस किंवा भाजीपाला असेल तर मात्र ठिबकच. डाळिंबवाल्यांनी अहवाल घेऊन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात सल्ला विचारावा.

पूर्वसंमती, खरेदी आणि पैसे

कागदपत्रं मंजूर झाली की पूर्वसंमती पत्र पोर्टलवर येतं. त्याच्या आधी संच विकत घेऊ नका. पत्राच्या तारखेआधीचं बिल असेल तर अनुदान नाकारलं जातं. पत्रात दिलेल्या मुदतीत अधिकृत विक्रेत्याकडून संच घ्या, शेतात बसवा आणि जीएसटीचं पक्कं बिल अपलोड करा. नंतर कृषी खात्याचा माणूस रानात येऊन मोका तपासणी करतो आणि जागेच्या नोंदीसह फोटो घेतो. त्या दिवशी पंप चालू ठेवा, प्रत्येक ओळीच्या शेवटच्या ड्रिपरमधून पाणी येताना दिसलं पाहिजे.

अनुदान आधारला जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतं. पासबुक तुम्ही कोणतंही द्या, पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यातच जातात. ते खातं कोणतं, चालू आहे का, हे बँकेत विचारून बिल अपलोड करण्याआधीच खात्री करून घ्या.