निधी 'खर्च झाला' कुणाच्या वहीत? दोन वेगळे 31 मार्च

मार्च सरत आला की सातारा-सांगलीच्या पेपरांत दोन बातम्या ठरलेल्या. एक, 'जिल्हा वार्षिक योजनेचा जवळपास सगळा निधी खर्च'. दुसरी, 'जिल्हा परिषदेचे कोट्यवधी पडून'. मग पारावर वाद सुरू होतो, की यात खोटं कोण बोलतंय? बहुतेक वेळा कुणीच नाही. जिल्हा परिषदेच्या बिलांच्या फायलींत माझी सारी नोकरी सरली. हा घोळ अजून तसाच आहे, म्हणून एकदाचं लिहितो.

31 मार्च सगळ्यांना पाठ आहे. विधिमंडळानं त्या वर्षापुरती मंजूर केलेली रक्कम त्या तारखेपर्यंत कोषागारातून निघाली नाही, तर ती व्यपगत होते, म्हणजे मग वापरता येत नाही. सार्वजनिक बांधकाम किंवा कृषी खात्याला एवढा एकच 31 मार्च.

जिल्हा परिषदेला दोन असतात आणि गाडी इथंच अडते. शासनाच्या वहीत पैसा कोषागारातून निघून जिल्हा परिषदेच्या खात्यात पडला की 'खर्च' नोंदला जातो. बीम्स या शासनाच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसतो तो हाच आकडा. गावात तोवर एक वीटही चढलेली नसते. जिल्हा परिषदेच्या वहीत खर्च होतो तो ठेकेदाराचं बिल निघाल्यावर, आणि त्यासाठी मुदत पुढच्या आर्थिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत. म्हणजे 2023-24 चा निधी 31 मार्च 2025 पर्यंत वापरायचा. उरेल तो शासनाला परत.

यालाच सगळे 'दोन वर्षांची मुदत' म्हणतात आणि मोजायला लागतात कार्यारंभ आदेशापासून. या मोजणीची मला मनापासून चीड आहे. घड्याळ निधीच्या वर्षाला बांधलेलं आहे, आदेशाच्या तारखेला नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा यांना जो वेळ लागतो तो याच मुदतीतून कापला जातो.

पाटण तालुक्यातली एक अंगणवाडीची खोली मला आठवते. निधी आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. पहिलं वर्ष तिथंच संपलं. मान्यतेची फाईल एका टेबलावर अडकली ती मेअखेर सुटली. निविदा होऊन आदेश हातात पडेपर्यंत जुलै उजाडला, आणि कोयनाखोऱ्यात जुलैत पाया खणला तर संध्याकाळी त्यात कमरेएवढं पाणी. काम सुरू झालं दिवाळीनंतर. सरपंच आदेशाचा कागद दाखवून म्हणाले, "भाऊसाहेब, अजून दीड वर्ष आहे की." प्रत्यक्षात उरले होते साडेचार महिने. तेवढ्यात स्लॅब पडला, पण गिलावा, फरशी आणि दारं राहिली. कमी पावसाच्या माण-खटावला हीच खोली पावसाळ्यातही उभी राहिली असती. मुदत मात्र दोघांना एकच.

त्यात निवडणूक आली तर आणखी ओढ. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि विधानसभेची 15 ऑक्टोबरला. आचारसंहितेत जागेवर सुरू न झालेलं काम सुरू करता येत नाही. ते दिवस मुदतीत वाढवून मिळतील, असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

'मंजूर' आणि 'आला' यांतला फरक सोपा आहे. मान्यता म्हणजे काम करायची परवानगी. पैसा मागाहून, कधी तुकड्यातुकड्यानं येतो. मान्यता दिली पण बिल द्यायचं राहिलं, तर ते पुढच्या वर्षावर दायित्व म्हणून बसतं आणि तेवढी नव्या कामांची जागा खातं. मान्यता मिळताच चौकात 'निधी आणला' असा फलक लावणं मला अजिबात पटत नाही.

खासदार निधी या हिशेबात धरू नका. तो वर्षाअखेर व्यपगत होत नाही, शिल्लक पुढे जाते. उपयोगिता प्रमाणपत्र हेही वेगळंच. ते दिलेल्या पैशाचा हिशेब आहे, त्यानं खर्चाची मुदत वाढत नाही.

ग्रामसभेत आदेशाची तारीख विचारण्याआधी विचारा, "निधी कुठल्या सालचा?" हे साल जिल्हा परिषदेतल्या फायलीत लिहिलेलं असतं. ते कळलं की शेवटची तारीख तुमची तुम्हालाच काढता येते.