काळा मासा आणि दुकानातला उंट

समद बेहरंगी या इराणी लेखकाची ‘छोटा काळा मासा’ ही ओढा सोडून समुद्राकडे निघालेल्या माशाची गोष्ट १९६८ साली तेहरानमध्ये छापून आली, पुढच्याच वर्षी त्यातल्या चित्रांना बोलोन्या आणि ब्रातिस्लाव्हात बक्षिसं मिळाली. ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण गरिबीबद्दलचा राग पाहायचा, तर मी याच लेखकाची उंटाची गोष्ट आधी वाचायला देईन.

बेहरंगी वायव्य इराणमधल्या तब्रीझचा, मजुराचा मुलगा, घरची भाषा अझेरी तुर्की. अठराव्या वर्षी शिक्षक झाला आणि अकरा वर्षं खेड्यापाड्यांत शिकवत राहिला. १९६३ नंतरच्या, शहाच्या सरकारने केलेल्या जमीनवाटपाचा गाजावाजा त्याने जवळून पाहिला. त्याच्या पीचच्या गोष्टीतला जमीनदार शेतं गावाला देतो आणि चांगली बाग मात्र स्वतःकडे ठेवतो.

उंटाच्या गोष्टीतला लतीफ बेकार बापासोबत तेहरानला आलेला, रात्री दोघं हातगाडीवरच झोपतात. (आपला ‘गरीब’ फारसीत ‘परका’ या अर्थाचा शब्द. लतीफला दोन्ही अर्थ लागू पडतात.) दुकानाच्या काचेमागच्या खेळण्यातल्या उंटावर त्याचा जीव जडलेला. शेवटी तो उंट एका श्रीमंत मुलीच्या मोटारीतून जातो, आणि लतीफला वाटतं, काचेमागची ती मशिनगन आपली असती तर! पोराच्या तोंडी हे वाक्य घालावं का, यावर वाद झाला. माझ्या मते ते गोष्टीतच मुरलेलं आहे: बंदूकही खेळण्यातलीच, आणि तीही न परवडणारी.

सगळ्यात मोठा घोळ मात्र लेखकाच्या मृत्यूचा. १९६८च्या उन्हाळ्यात तो इराणच्या सीमेवरच्या अरस नदीत बुडाला. पोहता येत नव्हतं, सोबत एक लष्करी अधिकारी होता. शहाच्या गुप्त पोलिसांनी बुडवला, अशी बोलवा उठली. ती पसरवण्यात त्या काळच्या एका नामवंत गद्यलेखकाचा, जलाल आल-ए-अहमदचा, मोठा हात. त्यानेच पुढे एका खासगी पत्रात कबूल केलं, की माणूस बुडालाच, पण सगळ्यांनाच दंतकथा हवी होती, म्हणून ती रचली. सोबतच्या अधिकाऱ्यानेही बऱ्याच वर्षांनी तो अपघातच असल्याचं लिहिलं. तोवर उशीर झाला होता. १९७१ साली उत्तर इराणमधल्या सियाहकलच्या पोलीस चौकीवर डाव्या गनिमांनी सशस्त्र हल्ला केला आणि मासा म्हणजे गनिमी लढवय्या, हा अर्थ पक्का झाला. मग बाकीच्या गोष्टीही सांकेतिक लिपीसारख्या वाचल्या जाऊ लागल्या. लतीफची भूक ही नुसती भूक असू शकते, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

बेहरंगीच्याच वाटेने सत्तरच्या दशकात पश्चिम इराणमधल्या कर्मानशाहच्या अली अशरफ दरवेशियान या शिक्षकाने दारिद्र्यातल्या बालपणाच्या कथा लिहिल्या. त्याला तुरुंग भोगावा लागला.

गंमत म्हणजे माशाची गोष्ट छापणारी ‘कानून’ ही मुलांसाठीची संस्था शहाच्या राणीच्याच आश्रयाखाली उभी राहिलेली. १९७९च्या क्रांतीत शहा गेला, तरी ती टिकली. बहीण-भावाने एकच बूटजोडी आळीपाळीने घालण्याचा १९९७चा सिनेमा, ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, तिचाच. त्यात बंदूक नाही. तिसऱ्या नंबराला बक्षीस म्हणून बूट आहेत, म्हणून भाऊ शर्यतीत उतरतो. चुकून पहिला येतो.