दिवाळीच्या फराळात कुत्र्या-मांजरांचा वाटा

दिवाळीत कुत्रं फराळाच्या ताटाशी येऊन बसतं, मांजर ओट्याखाली घुटमळतं, आणि त्यांना काही दिल्याशिवाय आपल्यालाही घास जात नाही. जरूर द्या. मात्र त्यांचा वाटा उरलेल्यातून नको, फोडणी पडायच्या आधीच काढून ठेवा. वाफवलेला लाल भोपळा, मऊ भात, भाऊबीजेच्या चिकनमधले मीठ-मसाला न लावता उकडलेले, हाडं काढलेले दोन तुकडे. एवढ्यावर ती खूश असतात.

उरलेला रस्सा भातात कालवून घालणं मात्र कायमचं बंद करा. रश्श्यात वाटण, वाटणात कांदा-लसूण. कांदा शिजवा, तळा, नाहीतर पूड करा, तो बाधतोच; रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला किलोमागे 5 ग्रॅम कांदाही घातक ठरू शकतो, म्हणजे 4 किलोच्या मांजराला मध्यम कांद्याचा जेमतेम पाव भाग. त्रास लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, आणि तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो.

रव्याच्या लाडवावर बोटाने दाबून बसवलेला बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. किती खाल्ल्यावर बाधेल हे कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळे ‘एखादा चालतो’ असं समजू नका. करंजीच्या सारणातली, चिवड्यातली मनुकाही तशीच. बेदाणा काढून लाडू दिला तरी तूप-साखर राहतेच. 10 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. वरखाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हवं, आणि एका बेसनलाडवात त्याहून कितीतरी जास्त भरतात. तुपकट, तळकट एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. उलट्या, पोटदुखी, सलाईन, सगळं ऐन सणात.

भेट आलेले डबे उंचावर ठेवा. चॉकलेट जितकं गडद तितकं जास्त विषारी. शुगर-फ्री मिठाईच्या वेष्टनावर झायलिटॉल लिहिलेलं असेल तर कुत्र्याला एक तुकडाही नको, रक्तातली साखर झपाट्याने उतरते. शिजलेली हाडं टोकदार फुटतात, आतडं फाडतात. बासुंदीने बहुतेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

हे पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, आल्याबरोबर सांगा. घरचे सगळे सांभाळतात आणि मामाच टेबलाखालून चकली सरकवतो!

गल्लीतल्या कुत्र्यांना उरलेला फराळ पिशवीत बांधून टाकू नका, ती प्लास्टिकसकट गिळतात. साधा दहीभात आणि स्वच्छ पाणी ठेवा.

चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने जिवाला धोका होतो. लक्षणांची वाट न बघता पशुवैद्यांना फोन लावा. काय खाल्लं, अंदाजे किती, कधी आणि जनावराचं वजन किती, हे तयार ठेवा. वेष्टन सोबत न्या. वजन माहीत नसेल तर आमच्या दुकानातल्या काट्यावर दिवाळीआधी करून घ्या, त्याचे पैसे घेत नाही.