न्यायालय समजावून सांगण्याचे दान: नागपूरच्या वकिलीतील एका परंपरेची पार्श्वभूमी

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात कामाच्या दिवशी तासभर उभे राहिले, तर एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: "वकीलसाहेब, आजच्या पेशीत काय झालं जी?" विदर्भात तारखेला पेशी म्हणतात. दाराशी पुकारा होतो, पक्षकार लगबगीने आत जातो, हात जोडून उभा राहतो आणि दोन-तीन मिनिटांत पुढची तारीख घेऊन बाहेर येतो. आत युक्तिवाद झाला की नुसता मुदतीचा अर्ज मंजूर झाला, आरोप निश्चित झाले की साक्ष पुढे गेली, हे त्याला व्हरांड्यातच कळते, आणि तेही समजावून सांगणारे कोणी भेटले तर. हे समजावणे कोणाचे काम आहे, आणि एका पक्षकारालाच नव्हे तर साऱ्या समाजाला न्यायालय कळावे म्हणून वकिलांनी आपला पैसा, वेळ आणि विद्या द्यावी ही कल्पना कशी रुजली, हा या टिपणाचा विषय आहे.

वकिलांचा दानधर्म म्हटला की तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात: गरिबाचा खटला फी न घेता चालवणे, शाळा-महाविद्यालयांना देणगी देणे, आणि न्यायालयाचे कामकाज व नागरिकाचे हक्क लोकांना शिकवणे. पहिल्या दोहोंना आपल्याकडे जुनी प्रतिष्ठा आहे. तिसरी गोष्ट दान म्हणून फार उशिरा ओळखली गेली. कायद्याची आडकाठी मात्र तिला कधीच नव्हती. इंग्लंडमधील १६०१ च्या कायद्याने आणि पुढे १८९१ च्या पेम्सेल खटल्याने धर्मादाय हेतूंचे जे वर्गीकरण रूढ केले, त्यात शिक्षण हा स्वतंत्र हेतू होता. तेच वळण आपल्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये दिसते. दारिद्र्य वा आपत्तीचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचे अन्य कोणतेही उद्दिष्ट यांना ते कलम धर्मादाय मानते, आणि न्यायालयाची ओळख करून देणारा उपक्रम त्यात सहज बसतो.

जुन्या मध्यप्रांतात मालगुजारीचे, वारसाहक्काचे आणि दत्तकाचे दावे भरपूर चालत, आणि नागपूरचा नामवंत वकील हा शहरातील मोजक्या धनवंतांपैकी एक असे. त्या मिळकतीतला आणि वजनातला मोठा वाटा शिक्षणाकडे वळला. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिले कुलगुरू झाले ते येथील ज्येष्ठ वकील सर बिपिन कृष्ण बोस. त्यांचे नातू व्हिव्हियन बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. वऱ्हाडात बॅरिस्टर पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि बहुजन समाजातील मुलांसाठी शिक्षणाची दारे उघडली. या साऱ्यांत सर हरिसिंग गौर यांचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. नागपुरात वकिली करून मिळवलेल्या पैशातून वीस लाख रुपये देऊन त्यांनी १९४६ मध्ये आपल्या जन्मगावी सागर विद्यापीठ स्थापन केले. वैयक्तिक कमाईतून एका वकिलाने विद्यापीठ उभे करावे, ही घटना आजही थक्क करते. याच गौरांनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात, भारताचे अंतिम अपील न्यायालय भारतातच असावे असा ठराव मांडला होता. एकाच माणसाने विद्यापीठाचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा विचार केला, तरी न्यायालय सामान्य माणसाला समजावून देणे हे दानाचे स्वतंत्र क्षेत्र आहे, असे त्या पिढीला वाटलेले दिसत नाही. शिकलेला माणूस कायदा आपोआप समजून घेईल, अशी तिची धारणा असावी. माझ्या मते ती अपुरी होती. पदवीधर माणूसही समन्स हातात पडले की गांगरतो.

त्याच काळात नागपुरात या विषयाला एक अगदी उलटे वळण मिळाले होते. डिसेंबर १९२० मध्ये येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले, आणि त्यात न्यायालयांवरील बहिष्काराचा कार्यक्रम होता. वकिलांनी वकिली स्थगित करून राष्ट्रकार्याला लागावे, पक्षकारांनी आपले तंटे खासगी लवादांकडून मिटवावेत, असे आवाहन होते. अधिवेशनाचे अध्यक्ष सी. विजयराघवाचार्य स्वतः वकील होते. स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज यांनी वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये देऊ केले. वकिलांनी समाजाला दान द्यावे हा नेहमीचा क्रम येथे उलटला, आणि समाजातील एका व्यापाऱ्याने वकिलांना दान देऊन त्यांना न्यायालयाबाहेर काढले. परंतु या बहिष्काराने एक शिक्षण नकळत घडवले. सरकारी न्यायालय कोणाच्या अधिकाराने चालते, पंचांचा निवाडा आणि न्यायाधीशाचा निवाडा यांत भेद काय, फिर्याद न लावता भांडण मिटवता येते का, हे प्रश्न सभांमधून बोलले जाऊ लागले. नागपुरात न्यायसंस्थेविषयीची जाहीर चर्चा अशी तिच्यावरील बहिष्कारातून रंगली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ज्या संस्थेपासून दूर राहा असे सांगितले गेले, तिच्यावर पुढे विश्वास ठेवा असे सांगण्याची जबाबदारीही त्याच पेशावर आली.

दीड दशकानंतर, ९ जानेवारी १९३६ रोजी, ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाच्या जागी नागपूर उच्च न्यायालय सुरू झाले. सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायमूर्ती होते. हेन्री मेड यांनी रचना केलेली वालुकाश्माची देखणी इमारत १९४० मध्ये वापरात आली आणि शहराची शान बनली. रस्त्यावरून जाणारा नागपूरकर तिच्या घुमटाकडे अभिमानाने पाहत असे, पण आत चालणारी भाषा त्याची नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, आणि येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. उच्च न्यायालयाची भाषा मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीच राहिली.

भाषेचा हा प्रश्न नागपूरला इतर शहरांपेक्षा अधिक जवळचा आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडची ही राजधानी मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांची होती, आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने दोहोंना राज्यकारभारात स्थान दिले. स्वतः वकील असलेल्या रविशंकर शुक्लांच्या सरकारच्या पाठबळावर भाषापंडित डॉ. रघुवीर यांचे प्रशासकीय आणि विधिविषयक परिभाषेचे काम याच शहरात चालले. त्या परिभाषेतील अनेक शब्द अवघड वाटले आणि टिकले नाहीत, तरी फारसी-उर्दूतून आलेल्या कचेरीच्या भाषेला पर्याय शोधण्याचा हा मोठा प्रयत्न होता. गंमत अशी की सामान्य पक्षकाराने वकालतनामा, जामीन, दिवाणी, फौजदारी, हुकूमनामा हे जुने शब्दच उराशी धरले. ते त्याच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदांवर होते. पुढे महाराष्ट्राचा १९६४ चा राजभाषा कायदा आला आणि १९९८ मध्ये तालुका व जिल्हा पातळीवरील न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना निघाली. नागपुरात जन्मलेले आणि येथेच वकिली केलेले शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे भारतीय भाषांत अनुवाद करण्यास साहाय्य करणारी 'सुवास' ही संगणकप्रणाली सुरू झाली. निकाल मराठीत मिळणे ही मोठी सोय आहे, परंतु निकालातील 'अंतरिम स्थगिती' म्हणजे आपला दावा जिंकला असे समजून पेढे वाटणारा माणूस अजून भेटतो, आणि त्याची चूक शब्द सांगून नव्हे तर प्रक्रिया समजावूनच दूर होते.

गरिबाला मोफत वकील मिळावा यासाठीची चळवळ आपल्याकडे १९२४ च्या बॉम्बे लीगल एड सोसायटीपासून सांगितली जाते. स्वातंत्र्यानंतर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ६ ने राज्य वकील परिषदांना गरिबांना कायदेशीर मदत व सल्ला देण्यासाठी निधी उभारण्याची मुभा दिली. त्याच कलमाच्या दुरुस्त रूपात विधिविषयक व्याख्याने भरवणे आणि नियतकालिके काढणे हेही परिषदेचे काम ठरले. वकील परिषदेच्या वर्तणूक नियमांतील नियम ४६ सांगतो की गरजू आणि पीडित माणसाला आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेले एक सर्वोच्च कर्तव्य आहे. परंतु त्याच नियमावलीतील नियम ३६ वकिलाला स्वतःची जाहिरात करण्यास मनाई करतो. या मनाईचा हेतू योग्यच आहे, तरी तिचा एक परिणाम असा झाला की वर्तमानपत्रात कायद्याची माहिती लिहिणारा किंवा वस्तीत जाऊन बोलणारा वकील 'कामे मिळवायला आला' या संशयाला भिऊ लागला. त्यामुळे सार्वजनिक समजावणीचे काम व्यक्तीपेक्षा संस्थेच्या, वकील संघाच्या किंवा विधी महाविद्यालयाच्या नावाने करणे सोयीचे ठरले.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, राज्याने मोफत कायदेशीर मदत पुरवावी असे सांगणारा अनुच्छेद ३९अ आला, १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणाने वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची दशा देशासमोर आणली, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम ४ ने कायदेविषयक साक्षरता पसरवणे हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरवले. एरवी ऐच्छिक असलेल्या दानाला येथे सरकारी चौकट मिळाली. शिबिरे वाढली, शाळांतून विधी साक्षरता मंडळे निघाली, १५१०० हा साहाय्य क्रमांक आला. मात्र या शिबिरांत उभा राहणारा वकील आपला अर्धा दिवस घालवूनच तेथे येतो, हे विसरता येणार नाही.

पैशाच्या दानाचा विचार करताना परदेशातील एक तुलना उद्बोधक आहे. अमेरिकेत १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी, वकील संघटनेच्या सूचनेवरून, १ मे हा कायदा दिन जाहीर केला. १९८१ मध्ये फ्लोरिडात, पक्षकारांच्या वकिलांकडील ठेवींवर मिळणारे किरकोळ व्याज एकत्र करून ते न्यायसाहाय्याच्या कामी वापरण्याची योजना सुरू झाली आणि ती देशभर पसरली. त्याच १९८१ साली महाराष्ट्रात वकील कल्याण निधीचा कायदा झाला. आपल्या वकालतनाम्यावर चिकटवले जाणारे ते छोटे तिकीट याच निधीसाठी असते आणि त्यातून वकिलांच्या कुटुंबांना आधार मिळतो. तो आधार आवश्यकच आहे. लोकशिक्षणासाठी तितका स्थिर, रोजच्या कामाशी जोडलेला स्रोत मात्र आपल्याकडे रूढ झाला नाही, आणि ते काम व्यक्तींच्या उत्साहावर चालत राहिले.

या उणिवेची किंमत काय असू शकते, हे नागपूरने १३ ऑगस्ट २००४ रोजी पाहिले. कस्तुरबानगर वस्तीला, विशेषतः तेथील स्त्रियांना, वर्षानुवर्षे छळणारा गुंड अक्कू यादव जामिनावर सुटणार या भीतीने संतप्त झालेल्या जमावाने त्याला जिल्हा न्यायालयातच ठार मारले. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. तेथील स्त्रियांच्या यातना खऱ्या होत्या आणि त्यांच्या तक्रारींकडे झालेले दुर्लक्षही खरे होते, त्यामुळे हा सारा दोष कायद्याच्या अज्ञानावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, जामिनाला विरोध करता येतो, पीडितेचे म्हणणे न्यायालयापुढे मांडता येते, हे त्या वस्तीत आधी कोणी बसून सांगितले असते तर, हा विचार मनातून जात नाही.

शाळांच्या बाबतीत नागपूरने पुढचे पाऊल टाकले, पण त्याची सुरुवात वकिलांकडून झाली नाही. २००५ मध्ये नागपूर जिल्हा परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन आणि संविधानाची ओळख हा उपक्रम सुरू केला, आणि २००८ मध्ये राज्य शासनाने २६ नोव्हेंबर हा संविधान दिन पाळण्याचा निर्णय घेतला. दीक्षाभूमीच्या या शहरात संविधान हा शब्द पुस्तकी नाही; तो घरातल्या भिंतीवर असतो. जून २०२५ मध्ये, येथेच वकिली केलेल्या तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते विद्यापीठाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयात संविधान प्रास्ताविका उद्यानाचे उद्घाटन झाले. आठवीच्या राज्यशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा आहेच, आणि तो शिकवताना एखादा वकील वर्गात आला की मुले न्यायालयांच्या उतरंडीपेक्षा 'खोटे बोलले तर काय होते' हेच आधी विचारतात.

कुही तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात भरलेले विधी साक्षरता शिबिर मी पाहिले आहे. भाषणे झाली, चहा झाला, आणि मग एक बाई पुढे आल्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या केलेले समन्स काढले आणि विचारले, "मले अटक होते का जी?" तरुण वकील महिलेने कागद वाचला. बाईंना साक्षीदार म्हणून बोलावले होते. वकिलाने फळ्यावर न्यायालयाची खोली काढली, न्यायाधीश कुठे बसतात, साक्षीदाराचा पिंजरा कुठे, आरोपी कुठे, हे दाखवले, आणि साक्ष मराठीतच देता येते असे सांगितले. बाईंनी थोडा वेळ फळ्याकडे पाहिले आणि विचारले, की मी बोललेले जे ते लिहून घेतील, ते मला वाचून दाखवतील का. वाचून दाखवावे असे कायदाच म्हणतो, वकील म्हणाली, आणि बाईंच्या सांगण्यावरून तिने समन्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले: 'साक्ष वाचून दाखवा, मग सही करते.'