मॉक ड्रिल आणि सिम्युलेशन: रामकुंडावरच्या एका निर्णयाची गोष्ट

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर आकडा ऐकतात क्युसेकमध्ये, पण बघतात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, त्यावर सराफ बाजारातला माणूस दुकान आवरायचं की थांबायचं ते ठरवतो. हे ‘ठरवणं’ फार महत्त्वाचं आहे. मॉक ड्रिल आणि सिम्युलेशन एकच समजलं, की नेमकं तेच नजरेआड होतं.

मॉक ड्रिल म्हणजे रंगीत तालीम. सायरन वाजतो, बोट उतरते, स्ट्रेचर धावतं. काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. ते वेळेत जमतं का, वायरलेस लागतो का, दोर जागेवर आहे का, एवढंच तपासायचं. ते हवंच.

सिम्युलेशन म्हणजे खोटा प्रसंग उभा करून माणसाला निर्णय घ्यायला लावणं. त्यात उत्तर ठरलेलं नसतं. समजा, चार अधिकारी एका खोलीत बसलेत. समोर रामकुंडाचा, म्हणजे गोदावरीवरच्या स्नानाच्या घाटाचा नकाशा, घड्याळ पळतंय. विसर्ग वाढल्याचा निरोप येतो. घाटावर अजून भाविक आहेत. एक पोलीस कळवतो, रस्ता मोकळा आहे. दुसरा म्हणतो, तुंबलाय. घाट आत्ता रिकामा करायचा की खात्री होईपर्यंत थांबायचं? मग हाच प्रसंग दुसऱ्या गटांना द्यायचा, फक्त निरोप दहा मिनिटं उशिरा पोचवायचा. असे बरेच गट ताडून पाहिले, की चूक माणसाची होती की निरोपाची, ते उमगायला लागतं. ड्रिलमध्ये गोंधळ झाला तर ती फसली म्हणतात. इथे मात्र तो गोंधळच अभ्यासाचा ऐवज असतो.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अग्निशमन अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. घाईच्या वेळी ते पर्यायांची तुलना करत बसत नाहीत, असं त्यांना दिसलं. समोरचा प्रसंग ओळखीचा वाटतो आणि पहिला पटणारा मार्ग मनात चालवून बघत ते कामाला लागतात. अनुभवी माणसाची ताकद हीच. पण ओळखच चुकली, अडकलेली माणसं म्हणजे पूर बघायला जमलेली नेहमीचीच गर्दी वाटली, तर?

गर्दीचं संगणकावरचं सिम्युलेशन आणखी वेगळं. त्यात माणसं म्हणजे नियमांनी हलणारे ठिपके. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले. तशी अरुंद वाट कुठे, किती दाटेल हे ठिपके सांगू शकतात. पण बॅरिकेडजवळच्या शिपायाला त्या क्षणी काय सुचेल, ते ठिपक्यांतून कळत नाही.

अधिकाऱ्यांच्या त्या सिम्युलेशनच्या खोलीत पाणी पायाला लागत नाही, हे खरंच. म्हणून वेळ कमी देतात, आवाज वाढवतात, उलटसुलट निरोप पाठवतात, हृदयाचे ठोके मोजतात. खरी भीती तरीही येत नाही. मला मोलाची वाटते ती नंतरची चर्चा: ‘तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?’ इथे ‘का चुकलात?’ असं विचारायचं नसतं. तसं विचारलं की माणूस सारवासारव करतो. २०२६-२७ च्या सिंहस्थाआधी, म्हणजे नाशिकच्या पुढच्या कुंभमेळ्याआधी, सिम्युलेशनच्या खुर्चीत अधिकाऱ्यांच्या जोडीने तो बॅरिकेडजवळचा शिपाई आणि घाटावरचा जीवरक्षकही बसायला हवा, कारण पहिला निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो.