छातीतला डाग कशाचा?

‘एक्स-रेवर डाग दिसतोय,’ असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘कशाचा?’ उत्तर मिळायला कधी दोन दिवस लागतात, कधी तीन महिने. पुष्कळांना हा उशीर म्हणजे हलगर्जीपणा वाटतो, आणि तो कधी कधी असतोही. पण डाग दिसणं वेगळं आणि तो कशाचा हे कळणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर कमी करण्यात वैद्यकशास्त्राची अडीचशे वर्षं गेली आहेत.

फुप्फुस तपासायला मुळातच अवघड. ते बरगड्यांच्या आड असतं, पोटासारखं दाबून पाहता येत नाही. शिवाय खुद्द फुप्फुसाला दुखणं जवळजवळ जाणवत नाही. दुखतं ते छातीच्या भिंतीला आतून लागून असलेलं आवरण. त्यामुळे आत लिंबाएवढी गाठ वाढली तरी माणूस चालत-फिरत, कामं करत राहतो. खोकला येतो, पण खोकला कोणाला येत नाही?

म्हणून सुरुवात झाली ती कानांपासून. ग्राझच्या एका खानावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर व्हिएन्नात डॉक्टर झाला. पिंपावर बोटांनी ठोकून आत दारू कुठवर भरली आहे हे वडील ओळखायचे, त्यावरून त्याला छाती ठोकून पाहण्याची कल्पना सुचली, असं सांगतात. हवा भरलेल्या जागेचा आवाज पोकळ येतो, पाणी साठलं असेल तिथे भरीव येतो. त्याने मृतदेहांच्या छातीत पाणी भरून हे पडताळून पाहिलं आणि १७६१ साली लहानसं लॅटिन पुस्तक छापलं. जवळपास कोणीच लक्ष दिलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिसार यांनी त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे ही पद्धत पसरली. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला.

कोर्व्हिसार यांचा शिष्य रेने लाएनेक. १८१६ साली पॅरिसमध्ये एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं त्याला संकोचाचं वाटलं, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकलं. आवाज नुसत्या कानाने ऐकू यायचा त्याहून स्पष्ट आला. पुढे त्याने लाकडाची पोकळ नळी घडवली आणि १८१९ साली ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचं मोल स्टेथोस्कोपच्या शोधाएवढंच आहे असं मी मानतो. लाएनेक जिवंतपणी छातीत जे ऐकायचा ते लिहून ठेवायचा, आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात तीच जागा उघडून पाहायचा. कुठल्या आवाजामागे न्यूमोनिया असतो, कुठल्यामागे क्षयाने पडलेली पोकळी, ही सांगड त्याने अशी एकेका मृत्यूतून घातली. फुप्फुसातला कर्करोग हा क्षयाहून वेगळा आजार आहे, हेही त्याने नोंदवलं. १८२६ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, तो स्वतः क्षयानेच गेला.

श्वास मोजण्याचं काम लंडनच्या जॉन हचिन्सनने हाती घेतलं. दोन हजारांहून अधिक माणसांना त्याने एका यंत्रात पूर्ण ताकदीने फुंकायला लावलं आणि १८४६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्याचा स्पायरोमीटर आज दमा आणि धूम्रपानाने होणारा श्वासनलिकांचा जुनाट आजार ओळखायला लागतोच. इतकं साधं, बिनदुखीचं यंत्र. तरी वर्षानुवर्षं धाप लागणारी कितीतरी माणसं त्यात एकदाही न फुंकता पंपावर पंप ओढत असतात, याचं वाईट वाटतं.

मग २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. या टप्प्याचं महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. तोवरचं सगळं निदान आवाजांवरून आणि लक्षणांवरून बांधलेला अंदाज होता. आता काचेच्या पट्टीवर रंगवलेली थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आजाराचं कारणच समोर दिसू लागलं. ‘कशाचा?’ या प्रश्नाला पहिल्यांदा पुराव्यानिशी उत्तर मिळालं.

तेरा वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ला, व्यूर्झबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि बंद छातीच्या आतलं दिसू लागलं. ब्राझीलच्या मानोएल द अब्रेऊने १९३६ साली पडद्यावरच्या क्ष-किरण प्रतिमेचा छोट्या फिल्मवर फोटो घ्यायची युक्ती काढली, आणि हजारो माणसांची छाती स्वस्तात तपासणं शक्य झालं. या मोहिमांमधून क्षयाचे रुग्ण शोधून काढले गेले. अडचण एकच होती आणि ती अजून आहे: एक्स-रेवर दिसते ती सावली. क्षय, न्यूमोनिया, गाठ, जुना व्रण, सगळ्यांची सावली पांढुरकीच. बरगडीमागचं किंवा हृदयाआडचं तर दिसतही नाही.

आता कर्करोगाकडे वळू, कारण त्याची कहाणी निराळी आहे. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या श्नेबेर्गच्या खाणींमधले कामगार छातीच्या आजाराने मरतात हे सोळाव्या शतकापासून ठाऊक होतं. १८७९ साली हार्टिंग आणि हेस या दोन डॉक्टरांनी तो आजार फुप्फुसातल्या घातक गाठीचा असल्याचं दाखवलं. खाणीतला किरणोत्सारी रेडॉन वायू त्याच्या मुळाशी आहे हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. खाणींबाहेर मात्र हा रोग दुर्मीळच मानला जाई. आयझॅक ॲडलरने १९१२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा सगळं वैद्यकीय साहित्य धुंडाळून त्याला ३७४ रुग्ण सापडले. एवढ्या विरळ रोगावर लिहावं तरी का, याचं समर्थन त्याला सुरुवातीलाच करावं लागलं. पुढच्या चाळीस वर्षांत चित्र पार पालटलं.

१९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तितक्याच इतर रुग्णांशी तुलना केली. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ होते, इतर ६४९ जणांत २७. या अभ्यासातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील निदानाशी निगडित आहे. काही जणांना मुलाखतीच्या वेळी कर्करोगाचे रुग्ण समजलं गेलं होतं, पण नंतर तो नसल्याचं निघालं. त्यांच्या सिगारेटच्या सवयी कर्करोग नसलेल्यांसारख्याच भरल्या. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या पूर्वग्रहाने आकडे झुकले नव्हते.

गाठीपर्यंत पोचायची वाट गुस्टाफ किलियनने उघडली होती. १८९७ साली फ्रायबुर्गमध्ये त्याने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेलं हाड ताठ नळी घालून काढलं. त्याच वाटेने पुढे गाठीचा तुकडा काढता येऊ लागला. १९३३ मध्ये सेंट लुईसला एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी पहिल्यांदा अख्खं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढलं. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता, आणि त्याचं निदान असं दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यावरच झालं होतं. तो कित्येक वर्षं जगला. ग्रॅहम मात्र दीर्घकाळ सिगारेट ओढत होते. १९५० साली धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध दाखवणाऱ्या अमेरिकी अभ्यासात त्यांचंच नाव होतं, आणि १९५७ मध्ये याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला.

ताठ नळीचा त्रास १९६०च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी दूर केला. काचतंतूंची लवचीक दुर्बीण वळत वळत बारीक श्वासनलिकांपर्यंत जाऊ लागली.

मग साहजिकच वाटलं, धूम्रपान करणाऱ्यांचा वरचेवर एक्स-रे काढला तर कर्करोग लवकर सापडेल आणि जीव वाचतील. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७०च्या दशकात हे करून पाहिलं. नऊ हजारांहून अधिक पुरुषांपैकी निम्म्यांची दर चार महिन्यांनी एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली. त्या गटात २०६ कर्करोग सापडले, दुसऱ्या गटात १६०. मृत्यू मात्र १२२ आणि ११५! जास्त सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. हा निकाल पचवणं कठीण गेलं असणार. जिवाला कधीच धोका न करणाऱ्या संथ गाठीही सापडू शकतात, आणि लवकर कळलं म्हणून मरण पुढे ढकललं जातंच असं नाही, हे त्यातून शिकावं लागलं.

वाट पुन्हा सापडली ती सीटी स्कॅनमुळे. गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप दाखवले. पुढे छातीचेही दिसू लागले आणि बरगड्यांचा अडसर गेला. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या ५३,४५४ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला: कमी किरणांच्या सीटीने तपासलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रे गटापेक्षा २० टक्क्यांनी कमी होते. पण त्याच चाचणीत सीटीवर संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक कर्करोगाचे निघाले नाहीत. २०२०च्या डच-बेल्जियन चाचणीने यावर चांगला उपाय वापरला. गाठीचं नुसतं माप न घेता तिचं आकारमान मोजायचं, आणि संशय असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा मोजून ती किती वेगाने वाढते ते पाहायचं. ‘तीन महिन्यांनी परत स्कॅन करू,’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा तो टाळाटाळीचा सल्ला नसतो. वाढीचा वेग हाच तिथे पुरावा असतो.

जिथे क्षय मोठ्या प्रमाणावर आहे तिथे फसगत उलट दिशेने होते: कर्करोगालाच क्षय समजलं जातं. दोन्ही आजारांत खोकला, वजन घटणं, थुंकीतून रक्त, आणि बऱ्याचदा डागही फुप्फुसाच्या वरच्याच भागात. थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधं सुरू होतात, डाग हटत नाही, आणि मोलाचे महिने निघून जातात. अशा वेळी डागाचा तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे, म्हणजे तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरकडे, पाठवण्याचा आग्रह रुग्णाने धरला तर त्यात काहीही गैर नाही.

तो तुकडा आता आणखी एका कामाला येतो. काही गाठींमध्ये ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल असतो आणि त्यांनाच ठरावीक गोळ्या लागू पडतात, हे २००४ साली उघड झालं. तेव्हापासून ‘कर्करोग आहे’ एवढ्यावर अहवाल थांबत नाही. कुठल्या प्रकारचा, कुठल्या बदलाचा, हेही त्यात लिहावं लागतं, आणि त्यासाठी सुईने काढलेला तो इवलासा तुकडा पुरेल ना, याची काळजी पॅथॉलॉजिस्टला पडलेली असते.